पुढून पांढरं, मागून तांबडं: नॉर्वेच्या लाकूडशेटांच्या घरी दोन विहिणी

नॉर्वेला जायचं मी ठरवलं नव्हतं, ते कमलताईंनी ठरवलं. कमलताई म्हणजे माझ्या मुलीच्या, केतकीच्या सासूबाई, राहणार वाघोली. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला.

"ईनबाई, राहुलचे पप्पा काय विमानात बसायला तयार न्हाईत. आपण दोघीच जाऊ. तुम्हाला इंग्रजी येतं, मला सैपाक येतो."

राहुल त्यांचा मुलगा, माझा जावई. त्यांच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझ्या स्वयंपाकाबद्दलचं मत होतं, ते मी सोडून दिलं. मी कर्वेनगरातल्या दोन खोल्यांत राहणारी, चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. जुन्या घरांचा, जुन्या वस्तूंचा मला नाद आहे. मुलं नॉर्वेत, ओस्लोजवळच्या द्रामेन गावात नोकरीला, म्हणून तिथल्या जुन्या श्रीमंतांबद्दल मी बरंच वाचून ठेवलं होतं. तेव्हा मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कळवते."

कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि कमलताईंना नव्हती. संक्रांतीला केतकीने फोनवर सांगितलं होतं की त्यांनी तिथेच कायमचं राहायचं ठरवलंय. घरही बघितलंय. "आई, राहुल स्वतः सांगणार आहे त्यांना. तू काही बोलू नकोस." मी बोलले नाही. त्यानंतर पाडव्याला वाघोलीच्या बंगल्यात वरच्या मजल्याला नवा रंग दिला, पूजा घातली, आणि मी तिथे जाऊन पुरणपोळी खाऊन आले. तो मजला त्यांनी राहुल-केतकीसाठी बांधलाय. कमलताई दर शुक्रवारी वर जाऊन स्वतः केर काढतात, पलंगावरच्या चादरी बदलतात. जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "पडद्याचा रंग केतकीला आवडंल ना?" मी म्हटलं, "आवडेल."

ही गोष्ट लपवून हे प्रवासवर्णन लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगितली. आता निघू या.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसाची तारीख दोन-अडीच महिने आधी घ्या, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. जूनमध्येही एक चांगला स्वेटर हवा. तूप, पेढे, चक्का असलं दुधाचं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. दाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी चालते. कमलताई आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आल्या, कारण वाघोलीहून सकाळी निघायचं तर नगर रस्त्यावरच अर्धा दिवस जातो. सकाळी सहाला गाडी आली, वारजे ओलांडून हायवेला लागलो, आणि कमलताईंनी पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढले. मुंबई, मग आखातात चार तासांचा थांबा, मग ओस्लो. ओस्लोच्या विमानतळावरून थेट रेल्वे द्रामेनला जाते, तासाभरात. गाडी वेळेवर सुटते, याचं तिथे कुणाला कौतुक वाटत नाही.

पहिले दोन दिवस मुलांच्या घरी गेले. मुलं हसतमुख होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. राहुल आईला नदी दाखवायला घेऊन गेला आणि नदीच दाखवून परत आला. केतकीने स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "तू काही बोलली नाहीस ना?" मी विचारलं, "तो कधी बोलणार?" ती म्हणाली, "बोलेल." तिथल्या तपकिरी, गोडसर चीजचा तुकडा कमलताईंनी तोंडात टाकला, जरा चघळला आणि म्हणाल्या, "खवा करपलाय. पण करपवणारीला हात चांगला हाय."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओस्लोच्या खुल्या संग्रहालयात गेलो. देशभरातून जुनी घरं उचलून तिथे मांडली आहेत. इथे थोडा इतिहास सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नॉर्वे शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. राजा लांब, दरबार लांब, त्यामुळे सरदार घराणी मुळातच मोजकी, आणि दोनशे वर्षांपूर्वी कायदा करून सरदारकीसुद्धा बंद करून टाकली. मग बडे लोक कोण? राजाने नेमलेले अधिकारी, मोठे पाद्री, लोखंडाच्या भट्ट्यांचे मालक, आणि सगळ्यांत गबर म्हणजे लाकडाचे व्यापारी. जंगलं तोडायची, ओंडके नदीत सोडायचे, खाली फळ्या कापून जहाजाने इंग्लंड-हॉलंडला पाठवायच्या. परत येताना त्याच जहाजांतून घड्याळं, आरसे, चिनी मातीची भांडी, खुर्च्या यायच्या. या लाकूडशेटांना तिकडचे लोक थट्टेने फळ्यांचे सरदार म्हणत.

मी हे सगळं कमलताईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखेच. आमची जमीन गेली, ह्यांची झाडं गेली." वाघोलीतली शेती विकूनच त्यांचा बंगला उभा राहिलाय.

एका काचेच्या कपाटात चांदीचा भलाथोरला पेला होता. आतल्या बाजूला वरून खाली ओळीने खुंट्या बसवलेल्या. पेला पंगतीत फिरायचा आणि प्रत्येकाने एका खुंटीपर्यंतच प्यायचं, म्हणजे कुणी जास्त ओढायला नको. कमलताईंनी वाकून पाहिलं. "एकाच पेल्यात तोंड घालायचं? एवढं चांदीचं घेतलं, अजून चार घ्यायला काय झालं होतं?" शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या आजोबांना काही कळलं नाही, तरी ते हसले. खरं सांगते, त्या दिवशी मला मजा आली. मी आयुष्यभर वस्तू पाहून त्यांचं चित्र काढलं. कमलताई वस्तू पाहून ती घासणारी बाई शोधत होत्या. तांब्याची पातेली टांगलेली दिसली की पहिला प्रश्न, "चिंच कुठनं आणत असतील?"

पाचव्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. घराचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या बाईंनी आम्हाला एका कुटुंबाची खाजगी गोष्ट सांगितली. दक्षिणेकडे समुद्राच्या बाजूला रेल्वेने दीड तास, मग बसने वीस मिनिटं. अशी घरं फक्त उन्हाळ्यात उघडी असतात. रविवारी बस दोन-तीनच, वेळापत्रक पाहून जा. तिकीट दीडशे क्रोनर, म्हणजे साधारण तेराशे रुपये, कॉफी वेगळी. माहिती नॉर्वेजियनमध्ये सांगतात. विनंती केली तर इंग्रजीत सांगतात.

लिंडेनच्या झाडांची दुतर्फा रांग, तिच्या टोकाला लांबलचक पांढरं दुमजली घर. दुरून दगडी वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की सगळं लाकूडच आहे, पण दगड वाटावा असं रंगवलेलं. मी कोपऱ्यावरून मागे वळले आणि थबकले. घराची मागची बाजू गडद तांबडी होती. पांढरा रंग तेव्हा महाग आणि तांबडा स्वस्त, म्हणून रस्त्यावरून दिसेल तेवढं पांढरं, बाकी तांबडं.

कमलताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ईनबाई, आमच्या बंगल्याला म्होरं ग्रॅनाईट हाय आणि मागं नुसतं सिमेंट. मी राहुलच्या पप्पांना सांगत होते, लोक मागनं बी येतात म्हणून."

घर दाखवणाऱ्या बाईंचं नाव इंगर. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. दारातच बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्यांची टोपली ठेवली होती, पण कमलताईंनी आपसूक बूट काढून बाजूला ठेवले होते. इंगरना ते फार आवडलं. त्या दिवशी पाहुण्या आम्ही दोघीच होतो.

आतल्या भिंतींवर रंगवलेलं कापड ताणलेलं, त्यावर कारंजी आणि इटलीतली झाडं. खांब संगमरवरी दिसणारे, आतून लाकडाचे. कोपऱ्यात माणसापेक्षा उंच, तीन मजली ओतीव लोखंडाची शेगडी, तिच्या बाजूंवर बायबलातली चित्रं उठवलेली. एका पलंगाच्या पडद्याला जुना छापील कापडाचा तुकडा जोडला होता. लाल वेल, निळी फुलं. इंगर म्हणाल्या, "हे तुमच्या देशातलं. डेन्मार्कच्या जहाजाने आलेलं." डॅनिश लोकांची वखार आपल्या तमिळ किनाऱ्यावर होती, तिथलं. मी त्या कापडासमोर बराच वेळ उभी राहिले. कमलताई मात्र कपड्यांच्या कपाटाशी रमल्या. आत चादरी आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडांच्या चळती होत्या आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने अक्षरं आणि आकडा भरलेला. मालकिणीचं नाव आणि कितवी चादर.

"धुवायला गेलेली परत आली का ते कळायला," कमलताई म्हणाल्या. हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.

बैठकीच्या खोलीत इंगर खिडकीपाशी थांबल्या. त्या म्हणाल्या, "माझी आई या घरात स्वयंपाकघरात कामाला होती. चाळीस वर्षं. या खोलीत ती फक्त शेगडी पेटवायला यायची, तेही मागच्या दाराने. आता मी इथे उभी राहून लोकांना माहिती सांगते."

मी हे मराठीत सांगितलं. कमलताईंनी इंगरकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांनी स्वतः लग्नाआधी दुसऱ्यांच्या रानात कांदे काढले आहेत, हे मला माहीत होतं. "विचारा," त्या म्हणाल्या, "शेवटची मालकीण कशी होती?"

इंगर सांगायला लागल्या. शेवटच्या बाई तरुणपणीच विधवा झालेल्या. दोन मुलगे, दोघे अमेरिकेला गेले. लाकडाचा धंदा आधीच संपलेला. एवढं घर तापवायला माणसं उरली नाहीत, तेव्हा बाईंनी एकेक खोली बंद करायला सुरुवात केली. आधी नाचाचा दिवाणखाना, मग जेवणघर, मग ही बैठक. शेवटी त्या स्वयंपाकघराशेजारच्या, मोलकरणींच्या खोलीत राहायला आल्या, कारण तेवढीच ऊबदार होती. इंगरची आई आणि त्या एकाच टेबलावर जेवायच्या.

कमलताईंनी विचारलं, "पोरं परत आली न्हाईत?"

मी इंग्रजीत विचारलं. इंगर वर छताकडे बोट करून बराच वेळ बोलल्या. त्या म्हणाल्या, वरच्या दोन खोल्या मात्र बाईंनी कधी बंद केल्या नाहीत. मुलांच्या खोल्या. दर वसंतात इंगरची आई वर जाऊन दोन्ही बिछान्यांवर धुतलेल्या चादरी घालायची. अठ्ठावीस वर्षं. मुलं पत्रं लिहायची, पण आम्ही येणार नाही असं कोणी कधी लिहिलं नाही. त्यांच्या आईला वाईट वाटू नये म्हणून. बाई गेल्यावर दोघे आले, एकेक चांदीचा चमचा घेतला आणि घर गावाला देऊन परत गेले.

मी कमलताईंना म्हटलं, "आली होती म्हणे. नंतर."

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग इंगरकडे, मग छताकडे.

"त्या एवढ्या बोलल्या. वर बोट केलं. आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलं?"

"बाहेर सांगते," मी म्हटलं.

अंगणात धान्याची खोली होती, उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर उचललेली, छपरावर गड्यांना जेवायला बोलावण्याची घंटा. तिच्या सावलीतल्या बाकावर आम्ही बसलो आणि मी सगळं सांगितलं. आधी त्या बाईंचं. चादरी, अठ्ठावीस वर्षं, पत्रं, सगळं. मग आमचं.

झाल्यावर कमलताईंनी विचारलं, "तुम्हाला कवापासनं म्हाईत हाय?"

"संक्रांतीपासून."

"मी पाडव्याला रंग दिला."

"हो."

"तुम्ही आला होता. जेवलात. पडद्याचं विचारलं मी तुम्हाला."

मुलीला शब्द दिला होता, असं म्हणता आलं असतं, पण त्या क्षणी ते फार लहान वाटलं. कमलताई उठल्या, आत जाऊन इंगरचा हात दोन्ही हातांत धरून निरोप घेतला आणि बसथांब्याकडे चालू लागल्या. बस यायला चाळीस मिनिटं होती. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो आणि मधे त्यांची पर्स होती.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. चौघे जेवायला बसलो. पहिला घास घेण्याआधी त्या म्हणाल्या, "राहुल, वरच्या मजल्याचं काय करू?"

राहुलने माझ्याकडे पाहिलं, केतकीने ताटाकडे.

"आई, मी सांगणारच होतो."

"कवा?"

"तुम्ही एवढं बांधलंत. पप्पांनी उभं राहून टाईल्स निवडल्या. प्रत्येक व्हिडिओ कॉलला तुम्ही मला वरचा मजला दाखवायचात. मी कसं सांगणार होतो?" बत्तीस वर्षांचा तो माणूस, त्याचा आवाज फाटला.

"बांधलं आम्ही," कमलताई म्हणाल्या. "तू मागितलं नव्हतंस, ते खरं हाय. त्याचा राग न्हाई. पण तिऱ्हाईत बाईच्या मेलेल्या मालकिणीची गोष्ट ऐकून मला माझ्या घरातलं कळावं? एवढी अडाणी हाय का मी, की मला सांगायला माणूस घाबरतंय?"

"माझी चूक आहे, आई," केतकी म्हणाली. "मीच सगळ्यांना थांबवलं."

"तुझी हाय, त्याची हाय आणि ह्यांची बी हाय." ह्यांची म्हणजे माझी. "आता पप्पांना तू सांगायचं, राहुल. उद्या सकाळी. मी शेजारी बसते, पण बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी राहुलने वाघोलीला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. तो सांगत होता तेव्हा पलीकडे मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. सांगून झालं. ट्रॅक्टर बराच वेळ ऐकू आला. मग राहुलचे वडील म्हणाले, "बरं. थंडी लई असती म्हणं तिथं. घर नीट बघून घ्या, भिंती पातळ नको." आणि फोन ठेवला. राहुल उठून बाथरूममध्ये गेला, आणि कमलताईंनी केतकीला जवळ बसवून घेतलं.

माझ्याशी मात्र तीन दिवस बोलणं कामापुरतं. मीठ द्या, दार लावा. बर्गनची तिकिटं आधीच काढली होती, त्यामुळे आम्हा दोघींना सात तास शेजारी बसणं भाग होतं. ओस्लो ते बर्गन हा रेल्वेप्रवास चुकवू नका. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, सदुसष्टच्या वर वय असेल तर सवलत आहे. आधी जंगलं, तीच, ज्यांच्यावर त्या पांढऱ्या घरांचं वैभव उभं राहिलं. मग झाडं खुजी होत जातात, संपतात, आणि डोंगरमाथ्यावर जूनमध्येही बर्फ पसरलेला असतो.

माथ्यावरच्या एका स्टेशनात गाडी काही मिनिटं थांबली. लोक फोटो काढायला उतरले. कमलताईंनी काचेतून पाहिलं आणि समोर बघतच म्हणाल्या, "चला, उतरू."

फलाटाच्या कडेला त्यांनी मूठभर बर्फ उचलला, दाबला, वास घेतला. "राग गेला न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "पण बर्फ एकटीनं बघण्यात काय मजा न्हाई." आणि अर्धा गोळा माझ्या हातावर ठेवला. हात बधिर झाला तरी गाडीची शिटी होईपर्यंत मी तो टाकला नाही.

बर्गन सुंदर आहे. बंदरावरची व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं, डोंगरावर नेणारी फनिक्युलर रेल्वे, माशांचा बाजार, यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. पाऊस धरून चला.

परत येऊन आता दोन महिने झाले. फळ्यांच्या सरदारांबद्दल वाचलेलं बरंचसं मी विसरत चाललेय. पेले, आरसे, शेगड्या डोळ्यांपुढे आहेत. पण खरं मनात राहिलंय ते इंगरच्या आईचं जिन्याने वर जाणं. एवढी वर्षं त्या चादरी घालताना तिला काय वाटत असेल? मुलं येणार नाहीत हे तिला माहीत असणार. तीही बोलली नसणार.

जुलैत कमलताईंनी वरचा मजला लातूरकडच्या चार मुलींना भाड्याने दिला. जवळच्या कॉलेजात फार्मसी शिकतात. राहुलचे पप्पा आठ दिवस त्या मुलींशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एकीची स्कूटी बंद पडली, ती त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिली. केतकीच्या नव्या घराचा फोटो आला. लहानसं, पिवळं, चारी बाजूंनी एकच रंग.

परवा दुपारी बेल वाजली. दारात कमलताई, हातात मेथीच्या जुड्या. वाघोलीहून कर्वेनगर, भर ट्रॅफिकमध्ये, न सांगता. मी चहा टाकला. त्यांनी मेथी निवडायला घेतली, मीही बसले. मुलींचं, स्कूटीचं, पावसाचं बोलून झालं.

मग हातातली काडी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "ईनबाई, एक विचारायचं राहिलं. लेक परत येणार न्हाई हे तुम्हाला संक्रांतीला कळलं. ते तुम्ही कुणाला सांगितलं?"

"सांगायचं नव्हतंच. शब्द दिला होता."

"आमचं न्हवं. तुमचं. तुमची बी एकच लेक हाय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की पाच महिने मी त्यांचं दुःख सांभाळत बसले होते. माझं कुठे ठेवलं होतं, ते मलाच आठवेना. "कुणालाच नाही," मी म्हटलं.

कमलताईंनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं आणि मांडी घालून नीट बसल्या.

"मग सांगा आता," त्या म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

मी सांगायला सुरुवात केली.